आधी नट ओळखा, मग पाना

शहादा-तळोद्याकडच्या जुन्या बागायती घरात, माळ्यावर नाहीतर विहिरीवरच्या इंजिनघरात, एक सागाची किंवा पत्र्याची पेटी हमखास असते. झाकण उघडले की रॉकेल आणि वाळलेल्या ग्रीसचा वास येतो. आत दहा-बारा पाने, एक पक्कड, पाईप पाना, दोन-तीन कानशी, सुट्या झालेल्या काही गोट्या आणि मूठ गेलेली छिन्नी. विहिरीवर विजेची मोटार बसली, पुढे ती मोटार बोअरमध्ये उतरली आणि या पेटीला हात लावायचे कारणच उरले नाही. मग एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत ती खाली येते आणि भंगारवाल्याच्या काट्यावर किलोने जाते.

काट्यावर सगळे लोखंड सारखेच. पण त्या पेटीत कधी शेफिल्डची कानस असते, कधी बर्मिंगहॅमचा पाना, कधी बाजारातल्या लोहाराने ट्रकच्या कमानपाट्यातून घडवलेला पाना असतो, आणि त्या प्रत्येकाने कोणते तरी यंत्र उघडलेले असते. ज्यांना अशी पेटी जपायची आहे किंवा जुनी हत्यारे जमवायला सुरुवात करायची आहे, त्यांना माझे पहिले सांगणे एवढेच, की आधी छाप वाचू नका. हा पाना कोणत्या नटासाठी केला होता ते आधी शोधा. नट सापडला की यंत्र सापडते, यंत्र सापडले की काळ सापडतो. छाप त्यानंतर वाचायचा, तोही पडताळ्यापुरता.

नंदुरबार जिल्ह्यात यंत्रे एकावर एक थरांनी आली. पहिला थर रेल्वेचा. सुरतेहून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा करत अमळनेरला जाणारी तापी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. रेल्वेच्या आगेमागे खानदेशात कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. ही सगळी यंत्रे विलायती, म्हणून त्यांचे नटबोल्टही विलायती मापाचे. दुसरा थर विहिरीवरच्या ऑइल इंजिनांचा. किर्लोस्करांचा खडकीचा इंजिन कारखाना १९४६ चा. साताऱ्याच्या कूपरची इंजिने होती, आणि गुजरात लागूनच असल्याने राजकोटच्या बनावटीची लिस्टर पद्धतीची मंदगती इंजिनेही होती. यांचे आटे पुष्कळदा विलायती मापाचेच राहिले, कारण मूळ नमुना इंग्लंडचा. तिसरा थर जीपचा. महिंद्राने १९४७ नंतर विलीज जीप भारतात जुळवायला सुरुवात केली. जीप अमेरिकन, म्हणजे तिचे नट इंचातले खरे, पण मोजायची रीत वेगळी. मग ट्रॅक्टर आले. त्यांत इंचवालेही होते आणि मिलिमीटरवालेही. एचएमटीने १९७१ पासून पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या धर्तीवर काढलेला ट्रॅक्टर मिलिमीटरचा. बुलेट मोटारसायकल मद्रासला बनत असली तरी तिच्या अंगात बरीच वर्षे इंग्रजी आटेच होते. त्यामुळे एकाच शेतकऱ्याच्या एकाच पेटीत तीन वेगवेगळ्या मापांचे पाने निघतात. नवख्याला तो गोंधळ वाटतो, पण त्या घरात कोणकोणती यंत्रे येऊन गेली याची ती जवळजवळ यादीच असते.

सूत म्हणजे नेमके काय

आपल्याकडचे जुने मिस्त्री मापे सुतात सांगतात. इंचाचे आठ सूत. चार सूत म्हणजे अर्धा इंच, तीन सूत म्हणजे ३/८. इथपर्यंत सोपे आहे. पण मिस्त्री ‘तीन सुती पाना दे’ म्हणतो तेव्हा तीन सूत कशाचे, हा खरा प्रश्न आहे.

जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचे पहिले प्रमाण ठरवले. आट्याचा कोन ५५ अंश. या पद्धतीत पान्यावरचा आकडा हा बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो, पान्याच्या तोंडाची रुंदी नाही. म्हणजे ३/८ डब्ल्यू असा छाप असलेल्या पान्याचे तोंड ३/८ इंच नसते, ते जवळपास दुप्पट, १८ मिलिमीटर भरते. अमेरिकन रीतीत मात्र पान्यावरचा आकडा म्हणजे नटाच्या दोन समोरासमोरच्या सपाट बाजूंमधले सरळ अंतर. त्याला एएफ म्हणतात. ३/८ एएफचे तोंड साडेनऊ मिलिमीटर. दोन्ही पान्यांवर ‘३/८’ लिहिलेले आणि एक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट! विलायती पान्यांवर डब्ल्यू, बीएस किंवा बीएसएफ ही अक्षरे बघा. एकाच तोंडावर ‘३/८ डब्ल्यू’ आणि ‘७/१६ बीएस’ असे दोन आकडे दिसले तर ती चूक नव्हे. बारीक आट्याच्या (बीएस किंवा बीएसएफ) बोल्टचे डोके एक माप लहान ठेवायचा प्रघात होता, म्हणून त्याच तोंडाला दोन नावे पडली.

अक्षरे झिजलेली असतात तेव्हा व्हर्नियर कॅलिपर हाच आधार. साधा कॅलिपर फार महाग नसतो, आणि जमवणाऱ्याने पहिला खर्च त्यावरच करावा, पान्यावर नव्हे. पुढचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. व्हिटवर्थचे तोंड: १/४ ला १३.३ मिलिमीटर, ५/१६ ला १५.२, ३/८ ला १८.०, ७/१६ ला २०.८, १/२ ला २३.४, ५/८ ला २७.९, ३/४ ला ३३.०. एएफचे तोंड: ७/१६ ला ११.१, १/२ ला १२.७, ९/१६ ला १४.३, ५/८ ला १५.९, ३/४ ला १९.०५, १५/१६ ला २३.८. हे आकडे नटाचे आहेत. पान्याचे तोंड त्याहून केसभर मोठे असणारच, नाहीतर तो नटावर चढणार कसा? वापरून पसरलेले तोंड आणखी मोठे भरते, म्हणून तोंडाच्या आतल्या बाजूला, जिथे झीज कमी असते तिथे मोजा.

या आकड्यांतून एक व्यवहाराची गोष्ट निघते. १/४ व्हिटवर्थच्या नटाला १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा सैल होतो. सैल पान्याने जोर लावला की नटाचे कोपरे जातात, नट गोल होतो आणि मग छिन्नी-हातोडीशिवाय निघत नाही. तुमच्या घरी जुने इंजिन अजून उभे असेल तर त्याचे पाने त्याच्यासोबतच ठेवा. इंजिन एकाला आणि पेटी दुसऱ्याला, अशी वाटणी करू नका.

गोटी सेट

सॉकेटला आपल्या गॅरेजांत गोटी म्हणतात. तिच्या एका तोंडात नट बसतो आणि दुसऱ्या बाजूच्या चौकोनी भोकात दांडा. गोटी दांड्याला कायमची जोडलेली असे तो काळ मोठा होता. एका दांड्यावर अनेक गोट्या बदलून लावायची कल्पना बाजारात रुजली ती मोटारगाडीबरोबर. अमेरिकेत १९२० साली सुरू झालेल्या स्नॅप-ऑन कंपनीने पाच दांडे आणि दहा गोट्या एकत्र विकल्या. पाच दांड्यांवर पन्नास पान्यांचे काम, हीच तिची जाहिरात होती.

गोटी हातात आली की आधी चौकोनी भोक मोजा. १/४, ३/८, १/२, ३/४ आणि १ इंच ही नेहमीची मापे. जगभर, अगदी मिलिमीटरच्या गोटीलाही, हे भोक इंचातच असते. १/४ चा सेट नाजूक कामाचा, १/२ चा जीप-ट्रॅक्टरचा, ३/४ आणि १ चा ट्रक आणि मोठ्या यंत्रांचा. भोकाचे माप या पाचांत कुठेच बसत नसेल तर ती गोटी फार जुनी किंवा एखाद्याच यंत्रासाठी केलेली असण्याचा संभव मोठा, तेव्हा ती बाजूला काढा.

मग नटाच्या बाजूचे तोंड बघा. आत सहा कोपरे आहेत की बारा? बारा कोपऱ्यांची गोटी अडचणीच्या जागी थोडी फिरवून पटकन बसते, सहा कोपऱ्यांची नटाला घट्ट धरते. आठ कोपऱ्यांची गोटी चौकोनी नटासाठी. जुन्या शेतीयंत्रांवर आणि लाकडी कामावर चौकोनी नट सर्रास असत, म्हणून अशी गोटी मिळाली तर ती सोडू नका. गोटीच्या भिंतीची जाडीही बोलते. पातळ भिंत आणि तरीही तोंड न फाकलेले, हे उत्तम मिश्र पोलादाचे लक्षण. जाड भिंतीच्या साध्या पोलादी गोट्या सहसा आधीच्या काळातल्या किंवा स्वस्त बनावटीच्या. दोन्ही शक्य असतात, म्हणून एका लक्षणावर निकाल देऊ नका.

‘क्रोम व्हॅनेडियम’ या शब्दांवर भाळू नका. हे मिश्र पोलाद दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हत्यारांत आले आणि त्याचा इतका दबदबा झाला की पुढे हलक्या मालावरही तेच शब्द उमटू लागले. अक्षरे कशी उमटली आहेत ते बघा. पोलाद तापवून साच्यात दाबताना उठलेली अक्षरे कडांना गोलसर आणि खोल असतात. नंतर ठशाने मारलेली अक्षरे कडक कडांची आणि कधी तिरकी. हल्लीची लेझरची अक्षरे नखाला जाणवतही नाहीत.

वरचा मुलामाही बघा. निकेलचा मुलामा पिवळसर छटेचा आणि मऊ चकाकीचा. क्रोम निळसर आणि कडक चकाकीचे. क्रोमचा मुलामा प्रचारात आला तो १९२० च्या दशकाच्या अखेरीस, त्यामुळे निकेलची गोटी सहसा जुनी. करड्या, मंद, किंचित पिवळट मुलाम्याच्या हत्यारांबाबत मात्र सावध राहा. युद्धकाळात गंजाला आवर घालायला कॅडमियमचा मुलामा वापरत. तो घासला तर त्याची धूळ विषारी असते. अशी गोटी कोरड्या कापडाने पुसा, तेल लावा आणि तेवढ्यावर थांबा.

विकणारा पूर्ण सेट म्हणून दाखवतो तेव्हा प्रत्येक गोटी काढून छाप, अक्षरांचे वळण आणि रंग जुळवा. पेटी एका कंपनीची, रॅचेट दुसऱ्याचे आणि गोट्या चार ठिकाणच्या, असे वारंवार दिसते. मिस्त्रीच्या हातून गोट्या हरवतात, तो दुसरी आणून त्या खाचेत ठेवतो. ही फसवणूक नव्हे, वापराची खूण आहे. किंमत मात्र पूर्ण सेटची देऊ नका. रॅचेट दोन्ही दिशांना फिरवून कानाशी धरा. दात नीट असतील तर टकटक एकसारखी येते, दात गळाला असेल तर मध्येच ठेच लागते. गोटी दोरीला टांगून हलके ठोकून पाहा. आवाज खणखणीत असावा. भद्द आवाज आला तर तोंडाच्या कोपऱ्याशी बारीक चीर शोधा. चिरलेली गोटी संग्रहात चालेल, पण नटावर लावू नका. ती फुटते तेव्हा तुकडा डोळ्याकडे येतो.

छाप आणि पेटी काय सांगतात

नट आणि घडण यांवरून अंदाज बांधला की मग छापाकडे वळायचे. आपल्या भागात मिळणाऱ्या विलायती मालात ब्रिटूल, किंग डिक, शेफिल्डचा रेकॉर्ड व्हाइस आणि फूटप्रिंट पाईप पाना, मूर अँड राइटची मोजमापाची हत्यारे अशी नावे येतात. जर्मन मालात गेडोरे. हे नाव म्हणजे ‘गेब्रुडर (बंधू) डोविडाट, रेमशाइड’ या शब्दांची पहिली अक्षरे, स्थापना १९१९. पुढे भारतातही गेडोरेच्या नावाने फरीदाबादला पाने बनले आणि ती कंपनी नंतर झालानी टूल्स म्हणून ओळखली जाऊ लागली, त्यामुळे गेडोरे दिसले की लगेच जर्मन म्हणू नका, देशाचे नाव शोधा. आपल्या नाशिकच्या तापडियाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडिश सहकार्याने उत्पादन सुरू केले. तिच्या सुरुवातीच्या पकडी आणि पाने आजही अनेक पेट्यांत धडधाकट आहेत. माझ्या मते जमवणाऱ्यांनी या पहिल्या पिढीच्या देशी हत्यारांकडे आताच लक्ष द्यावे. विलायती माल सगळे उचलतात. नाशिक, जालंधर, लुधियानाचा जुना माल अजून भंगाराच्या भावाने जातो आहे.

देशाचे नावही काळ सांगते. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर वस्तू १९४९ ते १९९० मधली. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९९२ अखेरच्या आधीची. ब्रिटिश पेटंट क्रमांक सहा आकडी असेल तर तो १९१६ नंतरचा, कारण त्या वर्षी एक लाख एकपासून नवी क्रमवारी सुरू झाली. अमेरिकन पेटंटांनी १९११ मध्ये दहा लाखांचा, १९३५ मध्ये वीस लाखांचा आणि १९६१ मध्ये तीस लाखांचा टप्पा गाठला. पेटंटचा क्रमांक वस्तूचे सर्वांत जुने शक्य वर्ष सांगतो, बनल्याचे वर्ष नव्हे, हे विसरू नका. कानशी-पटाशीवर ‘कास्ट स्टील’ असेल तर ते बिडाचे लोखंड समजू नका. मुशीत वितळवून केलेल्या उत्तम पोलादाला शेफिल्डमध्ये तसे म्हणत, आणि तो छाप जुनेपणाची चांगली खूण आहे. बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण आणि शेजारी १९४२ किंवा १९४३ सारखे साल असेल तर ते हत्यार ब्रिटिश लष्करी साठ्यातले. युद्ध संपल्यावर असा शिल्लक माल बाजारात आला.

भारतीय मालासाठी आपल्याकडची कालरेषा वापरा. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, अंमल १९५८ पासून टप्प्याटप्प्याने. भारतीय मानक संस्था १९४७ ची, म्हणून आयएसआयचा शिक्का त्याआधीचा असूच शकत नाही. पेटीवर पिनकोड छापला असेल तर ती १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. पत्त्यात बॉम्बे असेल तर बहुधा १९९५ आधीची.

नंदुरबारकरांपाशी तर अशी एक खूण आहे, जी कोणत्याही विलायती पुस्तकात मिळणार नाही. पेटीच्या झाकणावर मालकाचे, सोसायटीचे किंवा दुकानाचे नाव-गाव रंगवलेले असते. त्यात ‘जि. प. खानदेश’ (जिल्हा पश्चिम खानदेश) दिसले तर पेटी रंगवली गेली ती १९०६ नंतर आणि बहुधा १९६० च्या आसपासपर्यंत, कारण १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि महाराष्ट्र राज्य आल्यावर पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला. ‘जि. धुळे’ असेल तर त्यानंतरची. ‘जि. नंदुरबार’ असेल तर १ जुलै १९९८ नंतरची. झाकणावरचा रंग घासून काढू नका, हे मी कळवळून सांगतो. माझ्या हातून एकदा हे झाले आहे. गंजलेले झाकण मी तारेच्या ब्रशने लखलखीत केले आणि शेवटच्या हाताला कळले की गंजाखाली अक्षरे होती. त्यातले एक नाव आणि अर्धे गाव वाचता आले, बाकी गेले ते गेलेच.

लोहाराचा माल

छाप नसलेल्या हत्यारांना कमी लेखू नका. धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याच्या आठवडे बाजारांत लोहार बसतात. त्यांच्याकडची कुऱ्हाड, विळा, खुरपे, पटाशी बारकाईने पाहा. एखाद्या जुन्या विळ्याच्या पाठीवर तिरक्या बारीक रेघा दिसतात. ते कानशीचे दात आहेत. झिजलेली कानस तापवून, ठोकून, पाणी देऊन त्या लोहाराने विळा केला, आणि त्या रेघा मिटवल्या नाहीत. दांडे धामणीचे, कारण धामण लवचिक असते आणि घाव सोसते. सुताराचा वाकस, रंधा, सामता यांवर मुठीच्या जागी लाकूड काळे आणि गुळगुळीत झालेले असते. त्यावर पॉलिश मारले तर ती वस्तू मुकी होईल.

मिस्त्रीने एखादा पाना तापवून वाकवलेला असतो, किंवा ग्राइंडरवर पातळ केलेला असतो. टॅपेटच्या अडचणीच्या नटासाठी असे करावे लागे. असा पाना सरळ करू नका. तो कोणत्या इंजिनाच्या कोणत्या नटासाठी वाकवला ते विचारून लिहून ठेवा. एखाद्या चकचकीत विलायती सेटपेक्षा मी असा पाना वरचा मानतो, कारण तो दुसरा मिळणार नाही.

मात्र चालू हत्यार कुणाच्या हातातून विकत घेऊ नका. ज्या वाकसावर एखाद्याचे पोट चालते, त्यासाठी जास्त पैसे पुढे केले तर गरजेपोटी तो देईलही, आणि उद्या त्याच्या हाताला तसे दुसरे मिळणार नाही. सरदार सरोवराच्या पाण्यामुळे अक्राणी-अक्कलकुव्यातली जी घरे वसाहतींत आली, त्यांच्याकडची जुनी हत्यारे त्यांच्या डोंगरातल्या घरांची शेवटची आठवण असू शकते. तिथे फोटो घ्या, मापे घ्या, नाव विचारा आणि वस्तू परत द्या.

कुठे शोधावे, काय टाळावे

भंगाराची दुकाने, बंद पडलेली गॅरेजे, जुन्या सुतारांची घरे ही पहिली ठिकाणे. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. तिथे घोड्यांबरोबर दूरदूरचे कारागीर आणि शेतकरी येतात. हत्यार मिळेलच असे नाही, पण ओळखी होतात, आणि या छंदात ओळख हत्याराच्या आधी येते. बाहेर जाणार असाल तर पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी, मुंबईचा चोरबाजार आणि अहमदाबादचा साबरमतीकाठचा ‘रविवारी’ बाजार बघा. भंगाराच्या दुकानात किलोने घेतलेला पाना आणि हत्यार म्हणून घेतलेला पाना यांच्या भावात फरक असतो. दुकानदाराला खरे काय ते सांगून त्याला वजनापेक्षा थोडे जास्त द्या. पुढच्या वेळी तो तुमच्यासाठी वस्तू बाजूला ठेवील.

तीन गोष्टींत कायद्याचे भान ठेवा. रेल्वेची आद्याक्षरे असलेली हत्यारे नंदुरबार, नवापूर, भुसावळ या पट्ट्यात दिसतात. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. रीतसर लिलावात निघालेल्या मालाची पावती नसेल तर अशी वस्तू घेऊ नका, कितीही जुनी असो. दुसरे, तळोदा-अक्कलकुव्याकडे तोंडावर उलटी अक्षरे किंवा चिन्ह असलेला छोटा हातोडा कोणी दाखवला तर हात लावू नका. तो वनखात्याचा लाकडावर छाप मारायचा हातोडा असू शकतो. असे छाप खोटे उमटवणे १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे आणि तो हातोडा तुमच्या घरी का आहे, याचे उत्तर देणे सोपे नसते. तिसरे, शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून ती परस्पर पाठवू नका.

गंज आणि वही

गंज काढायची घाई करू नका. आधी रॉकेलमध्ये दोन दिवस बुडवा, मग जुन्या दातघासणीने आणि पितळी तारेच्या ब्रशने घासा. ग्राइंडर आणि सँडपेपर छाप खातात, कडा गोल करतात, आणि धारेचे हत्यार तापले तर त्याचे पाणी उतरते. गंज चिवट असेल तर लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे लिंबूसत्व घालून काही तास ठेवा, मधून मधून बघत राहा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच उन्हात कोरडे करा. निकेल किंवा क्रोम सुटत चालले असेल, किंवा कॅडमियमची शंका असेल, तर आम्लाच्या वाटेला जाऊ नका. शेवटी मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा. शेंगदाण्याचे तेल नको, ते वाळून चिकट होते. लाकडी मुठीला जवसाचे तेल उत्तम. ते पुसलेले फडके मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा. जवसाच्या तेलाचे बोळे आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

आणि वही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास अडकित्ते, दिवे, घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली, त्यातून राजा केळकर संग्रहालय उभे राहिले. त्यांनी राजेरजवाड्यांच्या वस्तूंइतकेच रोजच्या हातातल्या वस्तूंकडे पाहिले. नंदुरबारच्या यंत्रांची, मिस्त्रींची, लोहारांची तशी नोंद करायचे काम आपल्याला करायचे आहे. प्रत्येक हत्याराला चिठ्ठी बांधा, त्यावर क्रमांक घाला. हत्यारावर स्वतःचा क्रमांक कोरू नका. वहीत त्या क्रमांकापुढे कॅलिपरची मापे, छाप आणि पेन्सिलने कागदावर घासून घेतलेला त्याचा ठसा असावा. कोणाकडून, कोणत्या गावातून, कोणत्या तारखेला मिळाले, आणि ते कोणत्या यंत्रावर चालले, हेही लिहा. एक रकाना हत्याराच्या नावाचा ठेवा आणि त्यात नाव जसे ऐकले तसे उतरवा. अहिराणीत वेगळे, पावरीत वेगळे, मावचीत वेगळे नाव निघेल. ही नावे कोणत्याही कॅटलॉगमध्ये नाहीत.

या दिवाळीत पेटी खाली आली तर काट्यावर जाण्याआधी ती घेऊन घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापाशी बसा. एकेक पाना त्यांच्या हातात द्या आणि विचारा, हा कशाला लागायचा? ते जे सांगतील ते त्याच दिवशी वहीत उतरवा.